मदत हवी आहे : गोल्फच्या गेममध्ये पिच, चिप, फ्लॉप, पंच यातला कुठला फटका कधी मारायचा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी सध्या 'पीजीए टूर २के२३' हा गोल्फचा व्हिडिओ गेम जोरात सुरू आहे. खेळणारे दोघंच, मी आणि माझे बाबा. बाबा पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्त ड्राफ्ट्समन. २०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला आपली गोल्फर अदिती अशोक शेवटच्या फेरीपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि कांस्यपदक एका फटक्याने हुकून चौथी आली. नीरज चोप्राचं सुवर्ण त्याच दिवशी संध्याकाळचं, त्यामुळे बहुतेकांच्या लक्षात तेच राहिलं. बाबांच्या मनात मात्र अदितीचा खेळ घर करून बसला. आम्ही राहतो कर्वेनगरला. खऱ्या गोल्फशी आमचा संबंध एवढाच, की विमानतळाला जाताना येरवड्याचं गोल्फ क्लबचं मैदान लागतं. भाच्याने हा गेम घालून दिल्यापासून रोज जेवणं आटोपली की आम्ही खेळायला बसतो.

लांबचे फटके आता बऱ्यापैकी जमतात. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेतला, वारा पाहिला, मारला. घोडं अडतं ते ग्रीनपासून (होल आणि झेंडा असतो त्या आखूड गवताच्या भागापासून) शंभर यार्डांच्या आत आल्यावर. तिथे गेम फटक्याचा प्रकार निवडू देतो : नॉर्मल, पिच, चिप, फ्लॉप, पंच, वाळूत असलो तर स्प्लॅश. कुठलं बटण दाबलं की कुठला फटका मिळतो हे पाठ झालंय. कधी कुठला निवडायचा, ते कळत नाही.

काल असं झालं. चेंडू ग्रीनच्या काठापासून थोडाच बाहेर, मध्ये काही अडथळा नाही, झेंडा ग्रीनच्या मागच्या अंगाला. बाबांनी फ्लॉप मारला, चेंडू उंच गेला आणि झेंड्याच्या कितीतरी अलीकडे पडून तिथेच बसला. पुढच्या होलला झेंडा बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, अगदी पाठीमागे होता. तिथे मी चिप मारला, तर चेंडू थेट वाळूत. झाडाखाली गेलेला चेंडू बाहेर कसा काढायचा, हा आणखी एक प्रश्न.

बाबांची शंका त्यांच्याच शब्दांत लिहिते : "क्लबवर छप्पन्न अंश लिहिलंय. मग त्याच क्लबने मारलेला चिप बुटका आणि पिच उंच कसा जातो? कोन तर तोच आहे ना?" कारण समजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि मला कारण सांगता येत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का? बटणांचं नको, त्यामागचं सांगा. जे लिहाल ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

पॅडवीर

ताई, मी हाच गेम खेळतो. घाईत आहे, म्हणून एकच सुचवतो. फेरी खेळताना शिकू नका. सरावाच्या मैदानात जा, एक जागा धरा आणि तिथून एकाच क्लबने चिप, पिच आणि फ्लॉप ओळीने मारून बघा. ताकद सारखी ठेवा. चेंडू कुठे पडला आणि कुठे थांबला, हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. बहुतेक जण नुसता थांबला कुठे तेवढंच बघतात.

हिरवी_टेकडी

सोनचाफा ताई, गेमबद्दल मला फारसं माहीत नाही, पण खऱ्या मैदानावर बरीच वर्षं खेळतोय. बाबांचा प्रश्न अतिशय योग्य आहे. आधी त्याचंच उत्तर देतो.

क्लबवर छापलेला कोन हा क्लब सरळ धरल्यावरचा. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी कोन किती आहे, यावर सगळं ठरतं. चिप मारताना चेंडू मागच्या पायाच्या बाजूला ठेवतात, हात चेंडूच्या पुढे असतात, म्हणजे दांडा लक्ष्याकडे झुकलेला असतो. दांडा जितका पुढे झुकेल तितका क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उभा होतो, आणि छप्पन्नचे प्रत्यक्षात पंचेचाळीसही होऊ शकतात. मनगटं जवळजवळ स्थिर, स्विंग छोटा. त्यामुळे चेंडू बुटका उडतो आणि पडल्यावर पळतो. पिचमध्ये चेंडू साधारण मधोमध, मनगटं वाकतात, स्विंग मोठा. छापलेला कोन बराचसा तसाच मिळतो, वेग आणि बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) जास्त, म्हणून चेंडू उंच जातो आणि लवकर थांबतो. फ्लॉपमध्ये क्लबचा चेहरा मुद्दाम आकाशाकडे उघडतात, म्हणजे छापलेल्यापेक्षाही जास्त कोन. म्हणूनच एवढा मोठा स्विंग करूनही चेंडू पुढे फारसा जात नाही, वरच जातो. बाबा ड्राफ्ट्समन आहेत, त्यांना तीन आकृत्या काढायला सांगा, लगेच पटेल.

आता निवड. बाबांनी लहानपणी गोट्या खेळल्या असतीलच. मधली जमीन सपाट असली की गोटी घरंगळवायची, मध्ये खड्डा असला की हवेतून टाकायची. इथेही तेच. पहिला प्रश्न "झेंडा किती लांब?" हा नसतो. चेंडू आणि झेंडा यांच्यामध्ये काय आहे, आणि चेंडू ग्रीनवर पडल्यानंतर झेंड्यापर्यंत पळायला जागा किती आहे, हे आधी बघायचं.

जागा भरपूर आणि मध्ये काही नाही : चिप. बाबांचा कालचा पहिला प्रसंग हाच.
मध्ये बंकर किंवा रफ (वाढलेलं गवत) आहे, पण पलीकडे बऱ्यापैकी जागा आहे : पिच.
मध्ये बंकर आहे आणि झेंडा त्याला चिकटून : फ्लॉप. पण चेंडूखाली गवताची गादी असेल तरच. चेंडू कडक, उघड्या जमिनीवर असेल तर क्लब खालून सरकण्याऐवजी आपटून वर उसळतो आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो. वारा असेल तर फ्लॉप आणखी बेभरवशाचा, कारण चेंडू हवेत खूप वेळ राहतो. मी स्वतः अशा वेळी झेंड्याचा नाद सोडतो आणि ग्रीनच्या मोकळ्या भागात पिच टाकतो. ग्रीनवरचा पुढचा फटका लांबून मारावा लागला तरी चालेल, वाळू नको.

चिपचा एक जुना हिशोब आहे, बाबांना आवडेल. बारातून क्लबचा नंबर वजा करायचा (आयर्न नावाच्या क्लबांना नंबर असतात, नंबर लहान तितका कोन कमी). वेज म्हणजे जास्त कोनाचे, जवळच्या फटक्यांचे क्लब; त्यातल्या पिचिंग वेजला दहा धरायचं, सँड वेजला अकरा. उत्तर येईल तितके भाग चेंडू जमिनीवर पळतो आणि एक भाग हवेत जातो. म्हणजे पिचिंग वेजने एक भाग हवेत, दोन भाग जमिनीवर. आठ नंबर आयर्नने एक आणि चार. सँड वेजने एकास एक. समजा, झेंडा २१ यार्डांवर आहे आणि ग्रीनचा काठ ३ यार्डांवर. पिचिंग वेज घेतला तर चेंडू ७ यार्डांवर पडायला हवा, म्हणजे ग्रीनवर ४ यार्ड आत. उरलेले १४ यार्ड तो पळेल. आठ नंबरने मात्र जेमतेम ४ यार्डांवर टाकावा लागेल. हा हिशोब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा. चढ असेल तर कमी पळेल, उतार असेल तर जास्त. गेममधलं गणित किती जुळतं, ते पॅडवीर यांनी सांगितलं तसं सरावात पडताळून पाहा.

सोनचाफा

हिरवी_टेकडी, किती मनापासून लिहिलंत! बाबांनी खरोखरच तीन आकृत्या काढल्या, कोनमापक घेऊन. दांडा झुकल्यावर चेहरा किती उभा होतो हे दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बारा वजा क्लब हे सूत्र त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून चौकट केली आहे.

पडताळणीही केली. फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) पिचिंग वेजचा चिप या हिशोबाच्या बराच जवळ जातो. रफमधून तोच चिप अंदाजापेक्षा लांब पळतो. हे का?

आणि झाडाखालचा प्रश्न, वाळूचा प्रश्न राहिलेच आहेत.

हिरवी_टेकडी

रफमध्ये क्लबचा चेहरा आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येतं. चेहऱ्यावरच्या खाचा चेंडूला धड पकडू शकत नाहीत, बॅकस्पिन कमी मिळतो, आणि चेंडू पडल्यावर थांबायला तयार होत नाही. म्हणून रफमधून एक नंबर जास्त कोनाचा क्लब घ्या किंवा पडण्याची जागा अलीकडे धरा. गवत फार दाट असेल तर मात्र उलटही होतं, क्लबच अडकतो आणि चेंडू निघत नाही. चेंडू कसल्या जमिनीवर आहे, हे फटका निवडायच्या आधी बघायची सवय लावा.

तळजाई_पहाट

पंचबद्दल मी लिहिते. चेंडू झाडाखाली असला की सगळ्यांना फांद्यांवरून काढायचा मोह होतो. पंच हा फांद्यांच्या खालून काढायचा फटका. इथे कमी कोनाचा क्लब घ्या, चार, पाच किंवा सहा नंबर आयर्न. वेज घेऊन पंच मारला तर चेंडू पुरेसा खाली राहत नाही. हा फटका बुटका जातो आणि भरपूर पळतो, त्यामुळे ताकद नेहमीपेक्षा बरीच कमी लागते. समोर ग्रीनकडे वाट नसेल तर आडवा फेअरवेवर काढून ठेवा, एक फटका जाऊ दे. समोरून जोराचा वारा असेल तर झाडं नसतानाही पंच कामाला येतो. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर वारा सतत असतो, जमीन कडक असते, तिथे चेंडू असा खालूनच नेतात.

हिरवी_टेकडी

वाळूचं सांगतो. ग्रीनलगतच्या बंकरमध्ये स्प्लॅश निवडायचा. या फटक्यात क्लब चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या साधारण दोन इंच मागे वाळूत शिरतो आणि वाळूची लाट चेंडूला उचलून बाहेर टाकते. म्हणून बाबांना सांगा, अंतर छोटं असलं तरी स्विंग मोठा ठेवायचा, बरीच ताकद वाळूच खाते. सँड वेजचा तळ जाड असतो तो याचसाठी, वाळूत रुतू नये म्हणून. जीन सॅराझेन यांनी वेजच्या तळाला धातू चढवून हा क्लब घडवला आणि १९३२ साली तो घेऊनच 'द ओपन' ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा जिंकली. त्याआधी बंकर ही चांगल्या चांगल्या खेळाडूंनाही धडकी भरवणारी जागा होती.

बंकर ग्रीनपासून लांब, फेअरवेवर असेल तर स्प्लॅश नको. तिथे नॉर्मल फटका घ्या, आणि समोरची कड ओलांडेल एवढ्या कोनाचा क्लब आहे ना, ते आधी बघा.

सोनचाफा

तळजाई_पहाट, तुमच्या सांगण्याप्रमाणे पाच नंबरने पंच मारला आणि चेंडू पहिल्यांदाच झाडांमधून सरळ फेअरवेवर आला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. स्प्लॅशही निघायला लागलेत, अजून झेंड्याजवळ थांबत नाहीत एवढंच.

एक शेवटचं. चेंडू ग्रीनला अगदी लागून, पण आखूड गवतावर असेल तर तिथेही चिपच का?

हिरवी_टेकडी

गवत आखूड आणि सपाट असेल तर सरळ पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) घ्या. ताकद ग्रीनवरच्यापेक्षा किंचित जास्त, कारण तेवढा तुकडा चेंडूला अडवतो. गवत उंच असेल किंवा मध्ये उंचवटा असेल तेव्हा चिप.