रीलमधल्या ताईलाही उलट्या झाल्या होत्या

मांजराकाठ (लातूर)

आईला साखर आहे, अकरा वर्षं झाली. वजन 84. दिवाळीच्या आधी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक रील आली. पन्नाशीतली बाई, इरकल नेसलेली, मागं तुळस. बोलणं एकदम आपल्याकडचं, "लई हैराण झाले होते बघा माय." आठवड्याला एक इंजेक्शन, सहा महिन्यांत 14 किलो उतरलं, आता जिना चढते म्हणे. औषधाचं नाव कुठंच नाही. शेवटी "आजच तुमच्या डॉक्टरला विचारा" आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'पेड पार्टनरशिप', म्हणजे पैसे देऊन केलेली जाहिरात. आईला इंग्रजी येत नाही, आणि ती अक्षरं चष्मा लावूनही मला नीट दिसली नाहीत.

आईनं विचारलं. म्हणजे फोनच डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी रिपोर्ट बघितले, म्हणाले चालेल, आणि लिहून दिलं. महिन्याचा खर्च 14 हजार. आडतीवरच्या पट्टीच्या हिशेबात सांगायचं तर तीन-साडेतीन क्विंटल सोयाबीन, दर महिन्याला.

तिसऱ्या इंजेक्शनला उलट्या सुरू झाल्या. अन्नाचा वासही नको. आई मात्र कुणाला बोलेना. "त्या ताईला काहीच झालं नाही, माझंच पथ्य चुकत असंल," एवढंच. डॉक्टरला फोन करायलाही लाजत होती.

आता खरी गंमत. फेब्रुवारीत औशाला एका लग्नात ती रीलमधली बाई भेटली. नवरीकडची पाहुणी निघाली. आईनं तर पळत जाऊन हात धरला. जेवताना बाईनं सरळ सांगितलं, पुण्याहून एजन्सीवाले आले होते, 12 हजार दिले, सहा महिन्यांचं औषध फुकट. आईनं उलट्यांचं विचारलं. म्हणाली, "झाल्या की! मी सांगितलं होतं त्यांना, चांगलं दहा मिनिटं. ते घेतलंच नाही त्यांनी." फुकटचं संपलं तसं तिनं इंजेक्शन सोडलं, सहा किलो परत आलं. रील अजून फिरायलीच आहे.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही, आईची साखर उतरली. पण पेशंटला पैसे द्यायचे, त्याच्या बोलण्यातलं सोयीचं तेवढं ठेवायचं आणि वर त्याला 'अनुभव' म्हणायचं, हे मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

मेडिकलवाला (वसमत)

दादा, जरा थांबा. मी काउंटरवर 22 वर्षं उभा आहे. एक काळ असा होता की कंपन्या डॉक्टरला फ्रीज द्यायच्या, टीव्ही द्यायच्या, सहकुटुंब फिरवून आणायच्या. मार्च 2024 मधे केंद्राची मार्केटिंगची आचारसंहिता आली. डॉक्टरला भेटवस्तू नाही, प्रवास नाही, घरच्यांनाही नाही. आता तो पैसा कुठंतरी जाणारच. एमआर पोरं, म्हणजे औषध कंपन्यांचे विक्रीवाले, आमच्याच बाकड्यावर चहा पीत सांगतात, टार्गेट काही कमी झालेलं नाही.

आणि खरं सांगू का, रीलमुळं फायदाही झाला. आमच्याकडून हार्मोनच्या डॉक्टरला दाखवायचं तर नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठा. पूर्वी माणूस 'चक्कर येते' म्हणून यायचा आणि गोळी मागून जायचा. आता एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, करून येतो. हे कुणी शिकवलं? सरकारनं? तुम्ही जाहिरात बघून बियाणं घेता, ट्रॅक्टर घेता. औषधालाच एवढं सोवळं कशाला?

मांजराकाठ (लातूर)

ट्रॅक्टरला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

फिजिशियन (नांदेड)

मेडिकलवाले भाऊंचं पहिलं निरीक्षण बरोबर आहे, दुसरं अर्धंच बरोबर आहे.

चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची थेट लोकांत जाहिरात आपल्याकडं चालत नाही. जगात ती मोकळेपणी चालते ते दोनच देशांत, अमेरिका आणि न्यूझीलंड. शिवाय आपल्याकडं 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह, कॅन्सर आहेत, आणि लठ्ठपणासुद्धा आहे. म्हणूनच त्या रीलमधे औषधाचं नाव नव्हतं. नाव घेतलं की जाहिरात, नाही घेतलं की 'जनजागृती'. पण आठवड्याला एक इंजेक्शन, वजन उतरतं, एवढं म्हटल्यावर काय उरतं? 2025 मधे ही औषधं एकामागोमाग आपल्या बाजारात आली, मार्चमधे माउंजारो, जूनमधे वेगोव्ही. ओपीडीत पेशंट मोबाईलच पुढं करतो. मी नाही म्हटलं तर शेजारच्या गल्लीत दुसरा आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

पेशंटच्या तोंडून विकणं इंस्टाग्रामच्या आधीपासूनचं आहे. अमेरिकेत पर्ड्यू कंपनीनं 1998 मधे ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामकासाठी सात पेशंटांचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांकडं वाटला. सगळे सांगतात, आयुष्य परत मिळालं. पुढं त्यातले दोघं मेले तेव्हा व्यसनातच होते, तिसरी बाई व्यसनातून कशीबशी सुटली. 2007 मधे कंपनीनं दिशाभूल करून औषध खपवल्याचा गुन्हा कबूल केला. व्हिडिओ काढला त्या दिवशी ते सातही जण खोटं बोलत नव्हते, बहुतेक. त्यांना बरं वाटत होतं. पुढं काय झालं हे सांगायला कॅमेरा परत कोण नेतो? तुमच्या औशाच्या ताईंचं तेच झालं.

दोन पैशाचं मत (पैठण)

हे सगळं ॲलोपॅथीवाल्यांना बरं आठवतं. चूर्ण-काढ्याच्या जाहिराती टीव्हीवर दिवसभर चालतात, त्यात पण 'मी बरा झालो' म्हणणारे रांगेत उभे. त्यावर धागा नाही निघत!

फिजिशियन (नांदेड)

निघाला होता, थेट सुप्रीम कोर्टात. आयएमए, म्हणजे आम्हा डॉक्टरांची संघटना, पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध 2022 मधे गेली, एप्रिल 2024 मधे पतंजलीला वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. त्याच सुनावणीत कोर्टानं आयएमएलाही सुनावलं होतं, आधी तुमच्या डॉक्टरांकडं बघा म्हणून. तेव्हा तुमचा मुद्दा मान्य, पण म्हणून हे माफ होत नाही.

परभणीचा बाप

मी जरा चिडून लिहितोय, आधीच सांगतो.

माझ्या पोराला हिमोफिलिया आहे. खरचटलं तरी रक्त थांबत नाही, गुडघ्यात आतल्या आत रक्त साचतं. पहिली सहा वर्षं फॅक्टर 8, म्हणजे रक्त गोठवणारं इंजेक्शन, कुठं मिळतं हे सांगायलाही माणूस नव्हता. रात्री अडीचला जीप करून संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलंय, पोराचा गुडघा मांडीवर धरून. पुढं पालकांचा ग्रुप झाला, भेटीगाठी सुरू झाल्या, निवेदनं दिली. त्या बैठकांचा हॉल, जेवण, प्रवास कोण द्यायचं? औषध कंपनी द्यायची. हो, घेतले पैसे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आला तो देशभरच्या असल्याच पालकांच्या रेट्यानं. कंपनीच्या समोशावर बसूनच आम्ही सरकारकडं फुकट औषध मागत होतो.

स्पॉन्सर म्हटलं की पेशंट विकला गेला, हे ज्यांच्या घरी गोळी दहा रुपयाला मिळते त्यांनी बोलावं.

मांजराकाठ (लातूर)

दादा, तुमच्यावर बोट नव्हतं. पण एक विचारतो, राग मानू नका. सरकारनं उद्या दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध आणलं, तर ग्रुप त्याच्या बाजूनं बोलेल? नोव्हार्टिस कंपनीचं रक्ताच्या कॅन्सरचं औषध ग्लिव्हेक आठवा. महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास, आणि तेच औषध भारतीय कंपनीचं दहा हजारांच्या आत. त्या पेटंटच्या विरोधात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली, आणि 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं पेटंट नाकारलं. नोव्हार्टिस हजारो पेशंटांना ते औषध फुकटही देत होती. फुकट घेणाऱ्याला कोर्टात उभं राहणं किती जड गेलं असतं?

परभणीचा बाप

जड जातं. खोटं कशाला बोलू. एका बैठकीत किमतीचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी ताटात बघितलं होतं. मीपण.

पण मग पैसा कुठून आणायचा ते सांगा. वर्गणी काढून बघितली, 1,100 रुपये जमले.

मेडिकलवाला (वसमत)

हेच तर म्हणतोय मी. बोलणं सोपं आहे.

गेवराईची मी

वाचत होते नुसती, आता लिहिते. मी अशा व्हिडिओत बोललेली आहे.

स्तनाचा कॅन्सर, संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला ट्रीटमेंट झाली. व्हिडिओचे आठ हजार मिळाले. केमोच्या चकरांना एसटीलाच त्याच्यापेक्षा जास्त गेले असतील. आमच्याकडं बाईला तिथं गाठ आली तर नवऱ्यालासुद्धा सांगत नाही हो. माझा व्हिडिओ बघून गावातल्या दोघी तपासायला गेल्या, एकीची निघाली, लवकर निघाली म्हणून वाचली. डोक्यावर केस नसताना कॅमेऱ्यापुढं बसले होते मी. आठ हजारात कुणी बसून दाखवा. शूटिंगवाल्याला पैसे, मेकअपवालीला पैसे, आणि जिचं दुखणं तिनं फुकट बोलायचं का?

फिजिशियन (नांदेड)

ताई, पैसे घेतले यात काही चूक नाही. ते सांगितलं पाहिजे, एवढंच. 2019 च्या ग्राहक कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि तो बोलणाऱ्यालाही लागू शकतो. म्हणून विचारतो, सही कशावर घेतली होती? व्हिडिओ किती वर्षं वापरणार, कापाकापी तुम्हाला दाखवणार का, असं काही होतं त्यात?

गेवराईची मी

चार पानं होती, इंग्रजीत. तेव्हा विचारलं नाही. तुमचं वाचून आत्ता भाच्याकडून वाचून घेतली. कायमचा वापरता येतो म्हणे. आणि चेहरा, आवाज दुसऱ्या कशालाही जोडता येतो, मला न विचारता. काय काय कापलं ते मला आठवतं, पण ते लेकरांनी वाचू नये म्हणून इथं लिहीत नाही.

तरी पुन्हा बोलावलं तर जाईन. मराठीत कागद मागीन.

दोन पैशाचं मत (पैठण)

ताई, नमस्कार घ्या माझा. वरचं माझं बोलणं सोडून द्या.

मांजराकाठ (लातूर)

गेवराईच्या ताई, तुमच्यापुढं माझा राग जरा ओशाळला. औशाच्या ताईंनाही तो कागद शोधायला सांगतो.

मेडिकलवाले भाऊ, विषय सोडून एक विचारायचं होतं. आईनं दोन महिन्यांपूर्वी इंजेक्शन थांबवलं, डॉक्टरनं परत गोळ्यांवर आणलं. एक इंजेक्शन उरलंय, फ्रीजमधे दुधाच्या पातेल्यामागं. मधे दोन दिवस लाईट नव्हती, फ्रीज बंदच होता. बिल आहे. परत घेतील का? नाहीतर तिच्या बहिणीला चालेल का, साखर तिलाही आहे.

मेडिकलवाला (वसमत)

घरात किती तापतं?

मांजराकाठ (लातूर)

पत्र्याचं घर आहे. दुपारी 40 च्या वर.

मेडिकलवाला (वसमत)

30 च्या वर गेलेलं वापरायचं नाही. बहिणीला तर बिलकुल देऊ नका, तिची चिठ्ठी नाही. आणि फ्रीजचा माल एकदा दुकानातून गेला की आम्ही परत घेत नाही. साडेतीन हजार गेले समजा. सुई टोपण लावून आणून द्या, कचऱ्यात टाकू नका.