धारावी, लोकल आणि टाळेबंदी : निर्बंधांनी साथ अडवली की दुसरीकडे वळवली? (चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मोजपट्टी :
जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. तोवर टाळेबंदीला तीन महिने उलटले होते आणि आदेश दोघांनाही एकच होता.

माझे म्हणणे असे की, ‘घरातच थांबा’ हा निर्बंध ज्याच्याकडे थांबण्याजोगे घर आहे त्याच्यापुरताच लागू पडतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे, नळ गल्लीच्या तोंडाशी आणि सकाळी सार्वजनिक शौचालयापुढे डबडे घेऊन लागलेली रांग, अशा वस्तीत वाटेवर पत्रे ठोकल्याने आतल्यांचा आपसातला संपर्क कमी होत नाही. उलट एरवी दिवसभर कामावर असणारा माणूसही चोवीस तास त्याच खोलीत येऊन बसतो. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला आणि जून-जुलैत तिथली साथ ओसरली, त्याचे श्रेय टाळेबंदीला देणे मला पटत नाही. पालिकेच्या पथकांनी आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांनी दारोदार ताप व ऑक्सिजन मोजला आणि संशयितांना शाळांत, सभागृहांत, क्रीडासंकुलात नेऊन ठेवले. कामी आले ते माणसाला घराबाहेर काढणे.

तिसरा मजला :
आधी एक दुरुस्ती. धारावी पालिकेच्या ‘जी-उत्तर’ विभागात येते आणि त्या सर्वेक्षणात ती नव्हती, तेव्हा ५७ टक्क्यांचा आकडा थेट तिच्या खात्यावर मांडता येणार नाही.

आता मुद्दा. आपण ज्या आकड्यावरून निर्बंध फसले असे म्हणता, त्यातलेच १६ टक्के हा निर्बंध चालतात याचा पुरावा आहे. एकच शहर, एकच विषाणू. ज्यांना एकमेकांपासून लांब राहता आले त्यांच्यात लागण साडेतीन पटींनी कमी झाली. शिवाय आपण वेगाचा विचारच केलेला नाही. साथीआधी मुंबईच्या लोकलमधून रोज पाऊण कोटींच्या आसपास लोक प्रवास करत होते. सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये ज्याने कधी दारात एक पाय टेकवून बोरिवली गाठली आहे, त्याला तिथला ‘संपर्क’ काय असतो हे सांगायला नको. ही गाडी एप्रिलमध्ये धावती, तर जुलैपर्यंत पसरलेली लागण काही आठवड्यांत उरकली असती, आणि तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातले करोना रुग्णांसाठीचे जम्बो केंद्र उभेही नव्हते. एकूण बाधित तितकेच राहिले, तरी खाटेवाचून मरणाऱ्यांची संख्या तितकीच राहत नाही.

मोजपट्टी :
वेगाचा मुद्दा मान्य आहे, पण वेग कमी करून मिळालेल्या त्या सवडीची किंमत कोणी मोजली? अवघ्या चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. १४ एप्रिलला मुदत वाढताच वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले, म्हणजे गर्दी टाळण्याच्या आदेशानेच गर्दी घडवली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मे महिन्यात लोकांना गावी जाऊ दिले तोवर मुंबईत लागण भरपूर पसरलेली होती. मार्चमध्येच त्यांना नीट वाट दिली असती तर विषाणू गावोगाव इतका पोचला नसता.

जुने दप्तर :
हा वाद या प्रांताला नवा नाही. मार्च २०२० मध्ये सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो साथरोग कायदा १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगसाठीच झाला होता. त्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या तो इतिहास सर्वांना पाठ आहे. साथीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब मात्र क्वचितच कोणी सांगतो. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि ती गोष्ट फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये दाखवली. म्हणजे सगळा बंदोबस्त माणसांच्या हालचालींवर होता आणि उंदीर मोकळेच होते. याउलट, उंदीर पडू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची जी रीत लोकांत रुळली, तिने खरोखर जीव वाचवले, कारण माणूस पिसवांपासून दूर गेला.

म्हणून ‘निर्बंध चालतात का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रोग ज्या वाटेने चालतो, त्या वाटेवर निर्बंध बसतो की नाही, एवढे पाहावे. करोना हवेतून, बंद जागेत पसरतो. मग मोकळी मैदाने आणि समुद्रकिनारे बंद ठेवण्यामागे कोणते शास्त्र होते, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

वऱ्हाडकर :
सगळी चर्चा मुंबईभोवतीच फिरते आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला सर्वांसाठी लोकल सुरू झाली आणि म्हणून दुसरी लाट आली, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जात होते. लाट आधी उसळली ती आमच्या अमरावतीकडे, आणि अमरावतीत लोकल नाही. २२ फेब्रुवारीपासून आम्ही टाळेबंदीत होतो, तेव्हा मुंबई गाडीत बसत होती. विषाणूचे रूप बदलले होते, हे कारण त्यात वजनदार आहे. मुंबईतही रोजची रुग्णसंख्या अकरा हजारांवर जाऊन शिखराला पोचली ती ४ एप्रिलला. कडक नियम लागले ५ तारखेला, आणि राज्य सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांचा पूर्ण आदेश १४ तारखेला. उतार आदेशाआधीच सुरू झाला असेल, तर श्रेय आदेशाला कसे?

तिसरा मजला :
रात्रीची संचारबंदी २८ मार्चपासून होती, हे आपण सोडून दिले. मात्र लागण आणि अहवाल यांत आठवडाभराचे अंतर धरले, तर ती तारीखही जेमतेम पुरते, हे मी नाकारत नाही. माझ्या मते लोकांनी आदेशाची वाट पाहिलीच नाही. शेजारच्या घरातून रुग्णवाहिका गेली की माणूस आपणहून दार लावून घेतो. तरीही १४ तारखेच्या आदेशाने तो उतार टिकवला असे मी म्हणेन, कारण भीती महिनाभरात विरते आणि पोट त्याहून लवकर बोलू लागते.

मोजपट्टी :
पोटाचा विषय आपणच काढलात, तर त्याच आदेशासोबतच्या मदतीकडे पाहू. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले आणि नोंदणीकृत बांधकाम मजूर यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले. शिवभोजन थाळी मोफत झाली. २०२० च्या मार्चपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे होते, एवढे श्रेय मी देतो. पण आदेश सुरुवातीला १ मेच्या सकाळपर्यंतचा होता आणि पुढे १ जूनपर्यंत लांबला. दीड हजाराला सुमारे पंधरा दिवसांनी भागले तर दिवसाला शंभर रुपये येतात, दीड महिन्याने भागले तर तीस-पस्तीस. त्यात खोलीचे भाडे धरलेलेच नाही. ज्याची नोंदणी नव्हती त्याच्या वाट्याला तेवढेही नाही. आदेश कागदावर सात आठवडे चालला. तो वस्तीत किती दिवस पाळला गेला असेल, याचा अंदाज या भागाकारावरून बांधता येतो.