व्हीआरमधली हॉटसीट: नुसती खुर्ची मिळाली म्हणून करोडपती होतं का कुणी?

मिरजेचा_मास्तर
परवा इथं 'नवा_हेडसेट' नावाच्या भिडूनं पोस्ट टाकली की सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका गेमिंग पार्लरमध्ये करोडपतीछाप व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आपण आतच शिरलोय असं दाखवणारं) क्विझ आलंय, हेडसेट चढवला की डायरेक्ट हॉटसीटवर, समोर सूत्रसंचालक, मागं गोल पब्लिक. इथपर्यंत ठीक. पण शेवटी लिहिलंय की 'आता ऑडिशनबिडिशनची गरजच नाही, खुद्द शोमध्ये जाऊन आलो, टीव्हीवाल्यांपेक्षा भारी.' आणि खाली लाइकचा पाऊस. मी गप्प बसणार होतो, पण हे काय घशाखाली उतरेना.

मी पण खेळून आलोय, भाचा घेऊन गेला होता. गेम वाईट नाही. दिवे उतरतात, खाली खर्ज घुमायला लागतो, संगीतही मूळ शोच्या वळणावर केलंय. मूळ ब्रिटनच्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' शोला १९९८ ला कीथ स्ट्रॅचन आणि त्यांचा मुलगा मॅथ्यू यांनी संगीत दिलं, त्यात वरच्या प्रश्नांना दर प्रश्नागणिक सूर अर्ध्या स्वरानं चढत जातो, म्हणून आपल्याला न कळता छातीत धडधडतं. मिरजेत तंबोऱ्यांच्या शेजारी वाढल्यावर एवढं कानाला कळतं. गेमवाल्यांनी ते बरोबर उचललंय.

पण धडधड नुसती सुरानं होत नाही ना. हिंदी शोमध्ये पंचवीस लाखावर पोचलेला माणूस पुढच्या प्रश्नाला चुकला की थेट तीन लाख वीस हजारावर यायचा. म्हणजे एका उत्तरात जवळजवळ बावीस लाख गेले. २०१९ ला अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार पगार. त्या बाईच्या 'लॉक करा' मागं जे होतं ते तुमच्या हेडसेटमध्ये कुठनं आणणार? मी पन्नास लाखाला ठोकून दिलं, चुकलं, पार्लरच्या पोरानं 'काका परत चालू करू का?' विचारलं. संपलं. हीच का हॉटसीट?

आणि ते फोन-अ-फ्रेंड! कुठलातरी रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो 'मला सत्तर टक्के वाटतं बी'. त्याच शोच्या अमेरिकन अवतारात १९९९ ला जॉन कारपेंटर शेवटच्या प्रश्नाला पोचला आणि लाइफलाइन वापरून बापाला फोन लावला, मदतीसाठी नाही, 'मला मदत नको, मी जिंकणार आहे एवढंच सांगायला फोन केला' म्हणून. फोनच्या दुसऱ्या टोकाला बापच नसेल तर कसला फोन?

नवा_हेडसेट
मास्तर, एवढं मोठं लिहिलंय तेवढ्यात मी पंधरा प्रश्न संपवले असते 😀
गेम म्हणून बघा की राव. क्रिकेटच्या गेममध्ये पण खरं वर्ल्डकप मिळत नाही, म्हणून कुणी खेळायचं बंद केलंय का? तुम्ही २००० साली घरी बसून सोफ्यावरनं उत्तरं ओरडत होता तेव्हा तुमचे पैसे लागले होते का? तरी मजा यायचीच ना. मी सोफ्यावरनं उठून खुर्चीत बसलोय एवढंच.

मिरजेचा_मास्तर
सोफा नव्हता आमच्याकडं, सतरंजी होती. आणि तेव्हा मजा यायची ती हर्षवर्धन नवाथे तिथं बसलाय म्हणून, आपल्यातलं एक मराठी पोरगं पहिला करोडपती होतंय म्हणून. तुझ्या गेममध्ये बघायला कोण बसलंय? पुतळे. ऑडियन्स पोल मारला की पुतळे मत देतात. प्रोग्राममध्येच लिहिलेलं असणार, सोप्या प्रश्नाला ऐंशी टक्के बरोबर, अवघडला गोंधळ. त्याला जनमत म्हणायचं?

चष्मिस
मुद्द्याचं कुणी बोलेना. हेडसेट घातल्यावर चक्कर येतीय त्याचं काय? लोक म्हणत्यात बसून खेळायचा गेम आहे, मळमळ होणार नाही. अर्धं खरं आहे. डोळ्याला दिसतंय की आपण हललो आणि आतल्या कानाला कळतंय की आपण जागेवरच हाय, ह्या भांडणात मळमळ होते, म्हणून खुर्चीवर बसलेला गेम बरा. पण या शहाण्यांनी सुरुवातीलाच कॅमेरा पब्लिकच्या डोक्यावरनं गरागरा फिरवत स्टेजवर आणलाय! टीव्हीवर भारी दिसतं ते, हेडसेटमध्ये मला पहिल्या प्रश्नाआधीच भडंग वर यायला लागलं.
दुसरं, क्वेस्ट २ नावाचा हेडसेट असेल तर त्यात दोन भिंगांतलं अंतर तीनच ठिकाणी सेट होतं, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. तुमच्या डोळ्याला जमेल ते लावावं लागतं, नाहीतर सगळं धूसर आणि डोकं ठणकतं. पोराला सांगितलं तर म्हणतो 'काका ते फॅक्टरी सेटिंग आहे'.
तिसरं, तो स्पंज. दिवसभर लोकांच्या कपाळाचा घाम पिऊन बसलेला. २०२३ ला अख्ख्या महाराष्ट्रात डोळे आले होते ते विसरलात का? पुसायला एक फडकं, तेच फडकं सगळ्यांना.

नवा_हेडसेट
आमच्या पार्लरमध्ये प्रत्येकाला कागदी मास्क देतात. तुम्ही कुठल्या खोपटात गेला होता माहीत नाही.

द्राक्षबागवाली
मी तासगावची, आईला घेऊन गेले होते तिथं. आई सत्तरीची, सातवी शिकलेली, आणि करोडपती सुरू झाल्यापासून भाकरी थापता थापता निम्म्याच्या वर उत्तरं देणारी. दोनदा फोनवर नोंदणीचा प्रश्न आला तेव्हा तिचं उत्तर बरोबर होतं, पण पुढं बोलावणं कधीच आलं नाही, आणि आलं असतं तरी वडील म्हणाले असते बागेची छाटणी सोडून कुठं चाललीस. वडील आता नाहीत. तिला हेडसेट घातला, पोरानं सांगितलं आजी हे बटण दाबायचं. आणि दिवे उतरल्याबरोबर आईनं पदर सावरला. डोळ्यावर एवढं मोठं डबडं, समोर कुणी नाही, तरी पदर सावरला आणि ताठ बसली. पहिलं उत्तर द्यायला एवढा वेळ लावला की घड्याळ संपत आलं. मास्तर, तुमच्या हिशोबात ही खोटी हॉटसीट असेल, पण माझ्या आईला दुसरी मिळणार नव्हती. फुकटात शहाणपणा शिकवू नका.

मिरजेचा_मास्तर
ताई, तुमच्या आईबद्दल मला एक शब्द वावगा बोलायचा नाही. फक्त एक सांगा, पदर सावरला तेव्हा तुम्ही कुठं होता?

द्राक्षबागवाली
बाजूलाच. भिंतीवरच्या टीव्हीवर तिला दिसतंय ते सगळं आम्हाला दिसत होतं. मी, माझा भाऊ, वहिनी आणि रांगेतली चार पोरं.

मिरजेचा_मास्तर
मग झालं की. तिला ठाऊक होतं मुलगी बघतीय, सून बघतीय, अनोळखी पोरं बघतायत. त्या आतल्या पुतळ्यांसाठी नाही सावरला पदर. घरात एकटीला हेडसेट लावून बसवा, मग बघा काय होतंय. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत सीता स्वयंवर उभं केलं तेव्हापासनं या गावाला माहितीय की समोर माणूस बसल्याशिवाय खेळाला रंग चढत नाही.

द्राक्षबागवाली
म्हणजे आईच्या पदरावरनंसुद्धा तुमचंच खरं ठरलं. ग्रेट आहात. पण ते बघायला माणसं त्या हेडसेटमुळंच जमली होती ना? आई भाकरी थापत उत्तरं द्यायची तेव्हा कोण उभं राहायचं बघत?

सातारी_कंदी
वाद चालू द्या, मला वेगळंच खटकतंय. मी सातारला असाच एक गेम खेळलो, त्यातला सूत्रसंचालक इंग्रजीत बोलतो आणि खाली हिंदी अक्षरं. प्रश्न काय तर अमेरिकन बेसबॉल. अरे मराठी आवाज कुठाय? सचिन खेडेकरांसारखा आवाज घाला त्यात, 'लॉक करूया?' ऐकलं की मी आपोआप दुसऱ्यांदा विचार करतो. २०१३ ला ईटीव्ही मराठीवर त्यांनी सुरू केला तेव्हापासून मराठी करोडपती म्हणजे खेडेकर.

कृष्णाकाठ
झालं, आले खेडेकरवाले. २०१९ चा नागराज मंजुळेंचा सीझन बघितला नाही वाटतं. समोर गावाकडची बाई बसली की ती घरच्या माणसाशी बोलल्यासारखी बोलायची. खेडेकरांसमोर माणूस व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा द्यायला बसल्यासारखा बसतो.

सातारी_कंदी
व्हायवाच आहे तो! एक कोटीचा प्रश्न आहे, पारावरच्या गप्पा नाहीत. समोरच्या माणसाचा दरारा पाहिजे, नाहीतर प्रश्नाला वजन येत नाही. बच्चनसाहेबांचा काय आहे मग? दराराच आहे.

कृष्णाकाठ
दरारा पाहिजे म्हणून खालच्या माणसानं तोंडच उघडायचं नाही का? तुम्हाला शहरी उच्चाराचा कौतुक सोहळा पाहिजे असेल तर तसं स्पष्ट बोला.

सातारी_कंदी
उच्चाराचा विषय कुणी काढला? तुम्हीच काढलात. सांगलीकरांना प्रत्येक गोष्टीत कुणीतरी खाली दाबतंय असंच दिसतं.

कृष्णाकाठ
आणि सातारकरांना अजून छत्रपतींच्या राजधानीतच बसल्यासारखं वाटतं. उतरा खाली किल्ल्यावरनं.

नवा_हेडसेट
अरे माझ्या धाग्यात राजधान्या कशाला आणताय 😂 आणि मध्ये स्वप्नील जोशी पण होता की, २०१६ ला. त्याचं कुणीच नाव घेईना.

सातारी_कंदी
नाव न घेतलेलंच बरं.

कृष्णाकाठ
पहिल्यांदा एकमत झालं आपलं.

फिफ्टीफिफ्टी
तुम्ही निवेदकांवरनं भांडा, इकडं आमच्या चुलत्याला 'करोडपतीची पंचवीस लाखाची लॉटरी लागली' म्हणून व्हॉट्सअपवर ऑडिओ आला, बच्चनचा फोटो, सही-शिक्का सगळं. आधी 'टॅक्स भरा' म्हणून घेतले, मग 'फाइल चार्ज', मग अजून कायतरी. बैलजोडीचे पैसे गेले. आणि तो माणूस कधी त्या शोसाठी नावसुद्धा नोंदवून आला नव्हता! न खेळता लॉटरी कशी लागेल एवढं पण विचारलं नाही. असं काही आलं तर पहिल्यांदा १९३० ला फोन करा, सायबरवाल्यांची हेल्पलाइन आहे, जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येतात. चुलते चौथ्या दिवशी बोलले, तोपर्यंत खेळ खलास. आता या व्हीआरवाल्या गेममध्ये पण मोबाईल नंबर टाकायला लावतात म्हणं. तिथनं नंबर कुठं जातो?

नवा_हेडसेट
भावा वाईट झालं चुलत्यांचं, पण नंबर फक्त टोकन आला की फोन करायला घेतात.

फिफ्टीफिफ्टी
सगळे तसंच म्हणतात. वही उघडी टेबलावर पडलेली असते, कुणीपण फोटो काढावा.

चष्मिस
वहीवरनं आठवलं, त्याच वहीच्या खाली ते फडकं असतं.

मिरजेचा_मास्तर
विषयावर या. मी दोन दिवस बघतोय, एकानं पण सांगितलं नाही की चुकल्यावर काय गमावलं. फास्टेस्ट फिंगर, म्हणजे सगळ्यात आधी बरोबर उत्तर देणाऱ्याला खुर्ची, ते तरी आहे का त्यात? मूळ खेळात एका फेरीला दहा जणांतनं एकजण खुर्चीपर्यंत पोचायचा, बाकीचे नऊ बघत बसायचे. इथं दीडशे रुपये दिले की खुर्ची. रांग लावून मिळालेल्या खुर्चीला कोण घाबरतं?

नवा_हेडसेट
आहे की! चार हेडसेट एकदम लावले की फास्टेस्ट फिंगर चालू होतं, हरलेले तिघं पब्लिकमध्ये जाऊन बसतात आणि त्यांचंच मत पोलला धरतात. पुतळे नाही, खरे लोक, आणि मुद्दाम चुकीचं पण सांगतात. तुम्ही एकटे गेला म्हणून एकट्याचा मोड खेळला. पूर्ण मेन्यू न बघता दोन पानं लिहिली मास्तरांनी.

मिरजेचा_मास्तर
भाच्यानं सांगितलं नाही. बरं, हे जर खरं असेल तर त्या गेमात निदान एक गोष्ट शोची आहे. तिघं मुद्दाम चुकीचं सांगणार, हे तर मूळ शोपेक्षा आपल्या गावाला जास्त शोभतंय. पैशाचं मात्र माझं तेच मत आहे.

द्राक्षबागवाली
मग पैसे लावा. हरला तो सगळ्यांना भेळ देणार. तुमचे बावीस लाख नसतील, पण खिशातनं जातील तर खरे.

कृष्णाकाठ
मी तयार आहे, पण निवेदक म्हणून बाहेरनं मी बोलणार, आपल्या भाषेत. त्या इंग्रजी बाहुल्याचा आवाज बंद करायचा.

सातारी_कंदी
मग मी येत नाही.

कृष्णाकाठ
बोलावलंय कुणी?

नवा_हेडसेट
रविवारी चारचा स्लॉट घेतोय, मास्तर, फिफ्टीफिफ्टी, ताई आणि मी. सातारकर रिझर्व्हला. मास्तर, वहीत नंबर माझाच देतो.

चष्मिस
मला का नाही घेतलं?

नवा_हेडसेट
काका तुम्ही ऑडियन्स. फडकं घरनं घेऊन या.