दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलांचे तारे: नेमके कोणाचे आणि कितपत धरून चालायचे?

पौडरोड_प्रवासी:
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण जोहान्सबर्ग, क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि केप टाउन असा प्रवास करणार आहोत. पॅकेज घेतलेलं नाही, बुकिंग स्वतःच करतोय. तीन शंका आहेत.

१) एकाच गेस्ट हाउसला एका बुकिंग साइटवर ४ तारे, दुसऱ्या साइटवर ३. खरे कुठले?
२) ३ तारे हॉटेल आणि ४ तारे सेल्फ-केटरिंग (स्वतः स्वयंपाक करायची सोय असलेली जागा), दर जवळपास सारखा. यांची तुलना करायची कशी?
३) क्रुगरजवळच्या एका लॉजला तारेच नाहीत. ते टाळावं का?

आईचे गुडघे दुखतात, बाथटबमध्ये पाय टाकून चढणं तिला जमत नाही. घरात चौघे शाकाहारी.

लिंपोपोकाठ:
आधी पहिली शंका, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. दक्षिण आफ्रिकेत अधिकृत तारे एकच संस्था देते: टूरिझम ग्रेडिंग कौन्सिल ऑफ साउथ आफ्रिका. ती साउथ आफ्रिकन टूरिझम या सरकारी पर्यटन संस्थेचा भाग आहे आणि तिच्यामागे २०१४ चा पर्यटन कायदा आहे. बुकिंग साइटवरचे तारे बऱ्याचदा मालकाने नोंदणी करताना स्वतःच भरलेले असतात, काही साइट स्वतःच्या हिशेबाने वेगळी खूण लावतात. म्हणून दोन साइटवर दोन आकडे दिसतात. त्यात फसवणूकच असते असं नाही, पण ते ग्रेडिंग नव्हे.

ग्रेडिंग असं होतं. मालक कौन्सिलकडे अर्ज करतो, फी भरतो (खोल्यांची संख्या आणि दर यांवर ती ठरते), मग मान्यताप्राप्त असेसर जागेवर येऊन पाहणी करतो. आधी किमान अटी, मग दर्जा: इमारतीची बाहेरची स्थिती, खोली, पलंग आणि चादरी, बाथरूम, सफाई, जेवण, सेवा. असेसर फक्त शिफारस करतो. तारे कौन्सिलची समिती देते. मुदत १२ महिन्यांची. दरवर्षी नूतनीकरण झालं नाही, तर तारे गेले.

गफलत नेमकी इथे होते. पितळी किंवा रंगीत फलक दारावर तसाच राहतो, वेबसाइटवरचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि ग्रेडिंग केव्हाच संपलेलं असतं. त्यामुळे फलकाच्या फोटोवर जाऊ नका. कौन्सिलच्या वेबसाइटवर नावाने शोध घेता येतो, तिथे आज ती जागा आहे का ते पाहा. नाव मिळालं नाही तर गाव आणि प्रकार टाकून पुन्हा शोधा, कारण कंपनीचं नाव आणि पाटीवरचं नाव वेगळं असू शकतं. तरीही सापडलं नाही तर सरळ ईमेल करा: "चालू वर्षाचं ग्रेडिंग प्रमाणपत्र पाठवाल का?" ज्यांच्याकडे ते आहे त्यांना पाठवायला काहीच अडचण नसते. ग्रेडिंग नसताना तारे मिरवणं तिथे कायद्याने गुन्हा आहे.

डर्बनकर:
दुसऱ्या शंकेचं उत्तर: तुलना करूच नका. तारे प्रकारानुसार मिळतात. हॉटेल, लॉज, गेस्ट हाउस, बी अँड बी, सेल्फ-केटरिंग, बॅकपॅकर्स, कॅरव्हान आणि कॅम्पिंग, प्रत्येकाचे निकष वेगळे. ४ ताऱ्यांचं सेल्फ-केटरिंग म्हणजे स्वयंपाकघर, भांडी, फ्रीज, बसायची जागा हे त्या प्रकारात चांगल्या दर्जाचं. तिथे रात्री दहाला रिसेप्शनवर कोणी असेल किंवा नाश्ता मिळेल असं ताऱ्यांतून निघत नाही. हॉटेलला रिसेप्शन आणि खाण्यापिण्याची सोय लागतेच. आणि बी अँड बी म्हणजे सहसा मालकाच्या राहत्या घरातल्या खोल्या, नाश्त्यासह.

तुमच्या घरात चौघे शाकाहारी आहेत, तेव्हा सेल्फ-केटरिंगच बरं पडेल. 'शाकाहारी जेवण मिळतं' याचा अर्थ लहान गावात तीन दिवस तेच पास्ता आणि सॅलड असा होऊ शकतो. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं. कुकर मात्र तिथल्या भांड्यांत नसतो आणि शेगडी बऱ्याचदा विजेची असते. नेणार असाल तर सपाट बुडाचा, लहान कुकर न्या. घरातून डाळी-बिया नेण्यापेक्षा तिथेच घ्या, विमानतळावर कृषीमालाची तपासणी होते.

दर वाचतानाही एक काळजी घ्या. तिथल्या गेस्ट हाउस आणि लॉजचे दर अनेकदा खोलीचे नसून 'पर पर्सन शेअरिंग' असतात, म्हणजे दोघांनी एक खोली वाटून घेतली तर माणशी. १,२०० रँड (तिथलं चलन) लिहिलंय ते खोलीचे २,४०० झाले! एकटा माणूस खोलीत असेल तर वर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्यासाठीचा जादा आकार. १५ टक्के व्हॅट धरला आहे का आणि १ टक्का पर्यटन लेव्ही वेगळी आहे का, हे विचारून घ्या.

पौडरोड_प्रवासी:
माणशी दर ही गोष्ट लक्षातच आली नव्हती, सगळा हिशेब पुन्हा मांडतो. लॉजचं आणि आईच्या बाथरूमचं काय?

लिंपोपोकाठ:
तारे नाहीत एवढ्यावरून लॉज टाळू नका. दक्षिण आफ्रिकेत ग्रेडिंग ऐच्छिक आहे. फी आणि दरवर्षीची पाहणी नको म्हणून चांगल्या चालणाऱ्या जागासुद्धा ते घेत नाहीत. उलट, जे खोटे तारे लावतात त्यांना मात्र नक्की टाळा. शेजारच्या नामिबियात निवासी व्यवसायाची पर्यटन मंडळाकडे नोंदणीच सक्तीची आहे, त्यामुळे तिथे पहिला प्रश्न नोंदणीचा, ताऱ्यांचा नंतर. एका देशाचे तारे दुसऱ्या देशात लावून बघायला जाऊ नका.

बिनताऱ्यांच्या लॉजला हे विचारा: दरात किती जेवणं, किती गेम ड्राइव्ह (प्राणी बघायच्या गाडीफेऱ्या), गाडी उघडी की बंद, आणि अभयारण्याची फी वेगळी का. 'फुल्ली इन्क्लुझिव्ह'मध्येही संवर्धन शुल्क आणि पेयं अनेकदा बाहेर असतात. लॉज क्रुगरच्या गेटबाहेर असेल तर गेटपर्यंतचं अंतर विचारा. ऑगस्टमध्ये गेट साधारण सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघडं असतं. पहाटे निघून तासभर रस्त्यातच गेला तर बाहेरच्या ५ ताऱ्यांचा काही उपयोग नाही. पार्कच्या आतल्या स्कुकुझा, लोअर साबी, साटारा अशा कॅम्पांतले साधे बंगले यात फार पुढे आहेत. मात्र बुक करताना नीट वाचा: काही झोपड्यांना स्वतःचं बाथरूम किंवा स्वयंपाकघर नसतं, ते सामायिक असतं.

वाशीची_मैत्रीण:
आईंसाठी. कौन्सिल 'युनिव्हर्सल अॅक्सेसिबिलिटी'चं, म्हणजे जागा सगळ्यांना सहज वापरता येते का याचं, वेगळं मूल्यांकन करते: हालचाल, दृष्टी आणि श्रवण यांसाठी. त्याची खूण असेल तर उत्तम, पण ती ताऱ्यांपासून वेगळी असते. ५ तारे असूनही खोल टब असू शकतो, किंबहुना महागड्या खोल्यांत टब हमखास दिसतो.

"सीनियर फ्रेंडली आहे का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा हे विचारा: शॉवर टबच्या वर आहे की वेगळा? शॉवरला उंबरा किती सेंटिमीटर? भिंतीला पकडायला दांडी आहे का? खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत पायऱ्या किती, वाट वाळूची की फरशीची? बाथरूमचा दारातून काढलेला फोटो मागा, त्यात सगळं कळतं. लॉजमध्ये खोल्या पसरलेल्या असतात, आणि उघड्या सफारी गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते. स्टूल ठेवतात का आणि पुढच्या रांगेत जागा राखतील का, हे लेखी घ्या.

ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. क्रुगरची पहाट बोचरी, केप टाउनला पाऊस. खोल्यांना सेंट्रल हीटिंग बहुधा नसतं, म्हणून हीटर आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट विचारा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, दिवे आणि वाय-फाय की गीझरपण, हेही विचारा.

डर्बनकर:
विजेवरून आठवलं. आपल्याकडचा गीझरचा १६ अँपिअरचा जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या नेहमीच्या सॉकेटात बसतो, ५ अँपिअरचा बारीक नाही. जाड प्लग असलेला एक एक्स्टेंशन बोर्ड नेलात की सहा जणांचे फोन त्यावर लागतात. नव्या इमारतींत लहान, षट्कोनी सॉकेटं बसवतात, तिथे वेगळा अॅडॅप्टर लागेल. हेसुद्धा त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.