काळ्या गाडीवर उन्हात जाळं दिसतंय. घरी धुताना चरे पडू नयेत म्हणून काय करता?

राजारामपुरी_आठवी

नमस्कार मंडळी. दिवाळीत गाडी घेतली, रंग काळा. घरात सगळे पांढरी घे म्हणत होते, मी ऐकलं नाही, तो विषय संपला. आता झालंय असं की सावलीत गाडी नवीकोरी दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेषांचं जाळं उठतं. नख फिरवलं तर कुठं अडत नाही.

गाडी रोज सकाळी सासरे पुसतात. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, गाडी पुसल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. जुन्या धोतराचं फडकं, आधी कोरडं, मग ओलं करून परत एकदा. रविवारी कपड्यांची पावडर घालून अख्खी गाडी धुतात. पाणी बोअरचं. पार्किंग उघड्यावर आणि वर उंबराचं झाड. शनिवार-रविवार शिरोळकडं माहेरी जाणं होतं, तिकडं आता पाचट पेटवायचे दिवस, सकाळी गाडीवर काळ्या राखेचे पापुद्रे.

एका डिटेलिंगवाल्याला (गाडी चकाचक करून देणारे) दाखवली तर तो म्हणाला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पातळ पारदर्शक थर, करा, परत चरे पडणारच नाहीत. आकडा ऐकून मी गप्प घरी आले. खरंच करायचं का? घरी धुवायची नीट पद्धत कोणती? आणि अण्णांना हे सांगायचं कसं?

तांबडा_पांढरा

ताई, माझीपण काळीच आहे. मी ती उन्हात बघायचं सोडून दिलंय 😀 थांबा, उद्यमनगरचे काका येतील सांगायला.

उद्यमनगर_बूथवाला

आलो. ताई, माझं पेंटिंगचं वर्कशॉप आहे, काळ्या गाड्या रोज समोर असतात.

तुमचं जाळं म्हणजे चरेच, फक्त लय बारीक. गोल दिसतात म्हणून कुणी गोल हात फिरवला असं समजू नका. चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात, त्यातले उजेडाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ तयार होतं. संध्याकाळी मोबाईलची टॉर्च दारावर धरा आणि सरकवा, वर्तुळपण टॉर्चबरोबर सरकत जाईल.

पत्र्यावर प्रायमर, मग रंग, सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. कंपनीचा सगळा थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यातला क्लिअर 40-50. डोक्याचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे बघा. नख अडत नाही ना, मग चरे क्लिअरच्या वरच्या अंगालाच आहेत आणि पॉलिशने निघतात. पण निघतात म्हणजे काय, तर चऱ्याच्या तळापर्यंत आम्ही आजूबाजूचं क्लिअर घासून खाली आणतो. दर वर्षी मशिन फिरवत बसलात तर एक दिवस क्लिअरच शिल्लक राहायचं नाही. म्हणून आधी चरे पडायचे थांबवा, पॉलिशचं नंतर बघू.

धोतराला फार दोष देऊ नका, जुनं सुती कापड मऊच असतं. रात्रभर बॉनेटवर बसलेली धूळ त्या फडक्याखाली कोरडी ओढली जाते, जाळं तिथं पडतं. त्यात तुमची पाचटाची राख. उसाच्या पाल्यात सिलिका असते, पाला अंगाला कापतो तो त्यामुळंच. पाला जळाला तरी सिलिका राखेत राहते. असली राख कोरड्या फडक्याने पुसायची म्हणजे घरबसल्या पॉलिश पेपर मारणं.

धुण्याचं निम्मं काम गाडीला हात लावायच्या आधीच झालं पाहिजे. गाडी सावलीत घ्या, बॉनेट हाताला गार लागू द्या. मग नळीने भरपूर पाणी, वरून खाली. नळी पोचत नसेल तर शेतीच्या दुकानात दोन लिटरचा हातपंप मिळतो तो घ्या (नवाच घ्या, माहेरचा तणनाशक मारलेला उचलून आणू नका). त्यात कार शॅम्पूचं पाणी भरून गाडीभर फवारायचं, चार-पाच मिनिटं मुरू द्यायचं, वाळायच्या आत परत पाणी मारायचं. जेवढी माती अशी हात न लावता वाहून जाईल तेवढी फायद्याची.

मग दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल पुसायचं, नुसत्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग परत शॅम्पूत. हात सरळ रेषेत आणि जोर अजिबात नको, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांच्या खालची पट्टी आणि मागची डिकी एकदम शेवटी, सगळ्यात जास्त खडा तिथं असतो. चाकांचं फडकं वेगळं आणि ते बॉडीच्या बादलीत कधीच बुडवायचं नाही, ब्रेकचा भुगा लोखंडी असतो. मोजा खाली जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

कपड्यांची पावडर बंद करा. अल्कली असते, वॅक्स उतरवते, काळं रबर-प्लॅस्टिक पांढरट पाडते. भांड्यांचं लिक्विडपण रोजच्या धुण्याला नको, वॅक्स नवीन लावायच्या आधी जुनं उतरवायचं असेल तेव्हा एकदा ठीक.

बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. शेवटची बादली नळाच्या पाण्याची, वरून हळू ओता, म्हणजे पाणी चादरीसारखं उतरतं. मग जाड, लांब लवेचा मायक्रोफायबर टॉवेल पॅनलवर पसरून ओढून घ्या. ठिपके आधीच पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, फडकं भिजवून मिनिटभर ठेवायचं आणि धुऊन टाकायचं, सावलीत. जुने झालेले ठिपके क्लिअरमध्ये उतरतात, मग व्हिनेगर काही करत नाही.

आणि उंबर. पाखरांची शीट उन्हात सुकताना आकसते, तापलेलं क्लिअर मऊ पडलेलं असतं, ते तिच्याबरोबर ओढलं जातं आणि ठसा राहतो. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवा, शीट भिजली की उचलून घ्या. घासायचं नाही. कव्हर घ्यायचा विचार असेल तर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकलं की वारा रात्रभर तुमच्यासाठी घासकाम करतो.

गगनबावडा_वीकेंड

काकांचं सगळं मान्य, पण दोन बादल्यांचा कुटाणा फ्लॅटमध्ये जमत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली नळी नाही. मी रिन्सलेस वॉश वापरतो, म्हणजे नंतर पाणी मारून धुवावं न लागणारं लिक्विड. एका बादलीत झाकणभर लिक्विड आणि आठ-दहा मायक्रोफायबर फडकी. हातपंपाने तेच पाणी आधी फवारून मुरवतो, मग प्रत्येक पॅनलला फडक्याची नवीन घडी. वापरलेलं फडकं परत बादलीत जात नाही. पावसाळ्यात घाटातून तांबडा चिखल घेऊन आलो तर मात्र आधी प्रेशर वॉशरकडं नेतो आणि त्यांना सांगतो की फक्त पाणी मारा, ब्रश लावायचा नाही.

कोटिंगचं म्हणाल तर मी केलंय. पाणी मोत्यासारखं उडतं, चिखल सहज सुटतो, धुवायला निम्मा वेळ लागतो. पण अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसणारा पोरगा सगळ्यांना एकच बादली आणि एकच फडकं फिरवायचा, त्याचं जाळं कोटिंगवरपण आलंच.

उद्यमनगर_बूथवाला

रिन्सलेस चांगलंच आहे, फडकी भरपूर पाहिजेत एवढंच. ती सुती कपड्यांबरोबर मशिनला टाकू नका आणि कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका, तंतू चिकट होतात आणि पाणी प्यायचे थांबतात.

कोटिंगवाले 9एच, 9एच करतात तो पेन्सिलच्या शिशाचा कडकपणा, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीवरचा 9 नव्हे. वाळूचा कण त्याला आरामात चरा पाडतो. थर एक-दोन मायक्रॉनचा, तो कुणाला किती अडवणार? पक्ष्यांची शीट, क्षार, ऊन यांच्यापासून थोडी उसंत मिळते, धुणं सोपं होतं, त्यासाठी करायचं असेल तर करा. चऱ्यांपासून खरं संरक्षण पाहिजे तर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म). ती 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड. पण तिचा आकडा ऐकलात तर कोटिंगवाला स्वस्त वाटेल. माझं ऐकाल तर पुढचे काही महिने नीट धुणं बसवा, मग एकदा हलकं मशिन पॉलिश आणि वर साधं सिलंट, म्हणजे वॅक्ससारखाच हाताने लावायचा संरक्षक थर. ते चार-सहा महिने टिकतं, पाऊण-एक तासात घरी लावून होतं.

अजून एक. मधल्या काळात कुठं घासली आणि पॅनल रंगवावं लागलं तर त्याला निदान महिनाभर वॅक्स, कोटिंग काही लावू नका. कंपनीत क्लिअर 140 अंशांच्या आसपास भाजतात, आमच्या रंगाच्या बूथमध्ये 60 ला. बाकीचं सॉल्व्हंट पुढं हळूहळू बाहेर पडत राहतं, त्याला वाट पाहिजे.

राजारामपुरी_आठवी

काका, मनापासून आभार. कोटिंग सध्या राहू दे. आता दोन अडचणी. अण्णांना रोजची पुसापुसी बंद करा म्हणणं म्हणजे घरात भांडण. आणि चैत्रात जोतिबाला जायचंय, गाडीवर गुलाल पडणार, अण्णा बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढणार.

उद्यमनगर_बूथवाला

एसटीत हयात घालवलेल्या माणसाला गाडी कशी पुसायची हे सुनेने सांगायचं, अवघडच. तुम्ही सांगूच नका. संध्याकाळी टॉर्च त्यांच्या हातात द्या आणि बॉनेटवर धरायला लावा. रविवारी धुताना साध्या पाण्याची बादली संपूर्ण ओतायच्या आधी तळाला बसलेली रेती दाखवा. ड्रायव्हर माणूस आहे, लगेच कळेल. रोजचं काम काढून घ्यायची गरज नाही. बॉनेटवर बोट टेकवून बघायचं. बोटाला काही लागत नसेल, नुसती हलकी धूळ असेल, तर रिन्सलेसचं पातळ पाणी फवारायचं आणि लांब लवेच्या मायक्रोफायबरने सरळ उचलून घ्यायचं. बोटाला खरखर लागली, राख किंवा चिखल दिसला, तर त्या दिवशी बॉडीला हात नाही. काचा, आतलं, टायरमधली हवा, भरपूर कामं असतात त्यांना.

गुलाल कोरडा असताना फडकं अजिबात लावायचं नाही आणि एकदम पाणीपण नको, ओला झाला की दारांच्या रबरात आणि फटींत रंग जाऊन बसतो. आधी ब्लोअरने नाहीतर कंप्रेसरने उडवून टाका, वायपरखालची जाळी विसरू नका, मग पाणी. डोंगरावर असेपर्यंत एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा. जायच्या आठवडाभर आधी सिलंट लावलं असेल तर रंग धरत नाही.

स्वस्तिक काढू द्या, दिवस मावळायच्या आत साध्या पाण्याने धुवा. हळदीला साबण लागला की ती लाल होते, लोक घाबरून घासायला लागतात. घासू नका. पिवळी झाक राहिली तर गाडी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो. सिलंट कसं लावायचं ते बघायचं असेल तर एखाद्या दुपारी अण्णांना घेऊन वर्कशॉपवर या. सोमवार सोडून, सोमवारी बंद असतं.