९० मिलिग्रॅम सोन्याचं गुरुत्व मोजलं, मग क्वांटमचं घोडं कुठे पेंड खातंय?

तंतूलंबक:
व्हिएन्नात २०२१ साली प्रत्येकी साधारण ९० मिलिग्रॅमच्या दोन सोन्याच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजलं. गोळ्या आणखी लहान करत गेलं की गुरुत्व क्वांटम आहे का ते कळेलच ना?

अर्धापूर्णांक:
नाही. तिथे दोन्ही गोळ्या एका वेळी एकाच जागी होत्या, म्हणजे न्यूटनचंच गणित. कसब मात्र अफाट. सुमारे ४ मायक्रॉन जाडीच्या सिलिका तंतूवर ४ सेंमीची काचेची दांडी, तिच्या दोन्ही टोकांना गोळ्या. तिसरी गोळी त्यातल्या एकीजवळ १२.७ मिलिहर्ट्झने (सुमारे ७९ सेकंदांत एक फेरी) पुढेमागे हलवायची. बल अंतराच्या सरळ प्रमाणात नसल्याने दुप्पट वारंवारतेवरही, म्हणजे २५.४ मिलिहर्ट्झवर, खूण उमटते आणि हे गुरुत्वच आहे याची खात्री पटते. बल किती? ९ × १०^-१४ न्यूटनच्या आसपास. मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियमचा पडदा, नाहीतर स्थिर विद्युत सगळं गिळते. चांगली मोजणी मिळाली ती नाताळच्या दिवसांत, रात्री, शहर शांत असताना.

क्वांटमसाठी वस्तू एकाच वेळी दोन जागी हवी. भौतिकशास्त्रज्ञ सौगत बोस आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रस्ताव (त्याच वर्षी मार्लेटो-वेद्राल यांचाही) असा: १०^-१४ किलोचे दोन हिऱ्याचे कण, प्रत्येक सुपरपोझिशनमध्ये (म्हणजे एकाच वेळी दोन जागी), आणि फक्त गुरुत्वामुळे त्यांच्यात एन्टँगलमेंट (दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं) होतं का ते कणांतल्या स्पिनवरून, म्हणजे चिमुकल्या चुंबकासारख्या क्वांटम गुणधर्मावरून, तपासायचं. आकडा घालून बघा: फेज (गुरुत्वामुळे क्वांटम लहरीत पडणारा फरक) = G × वस्तुमानाचा वर्ग × वेळ ÷ (एच-बार × अंतर); G हा गुरुत्व स्थिरांक, एच-बार हा प्लांकचा स्थिरांक भागिले २π. २०० मायक्रॉन अंतर, २.५ सेकंद, उत्तर ०.८ रेडियनच्या आसपास. म्हणजे कागदावर जमतं.

तंतूलंबक:
मग अडतं कुठे?

शून्यदाब:
वस्तुमानात. व्हिएन्नातच २०१९ मध्ये २५,००० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान) पुढचे रेणू लहरींसारखं व्यतिकरण दाखवू शकले, म्हणजे सुमारे ४ × १०^-२३ किलो. हिऱ्याचा कण याच्या २५ कोटी पट जड.

त्याहून चिवट म्हणजे विद्युतभार. दोन्ही कणांवर एकेक जादा इलेक्ट्रॉन राहिला, तर २०० मायक्रॉनवर विद्युत बल गुरुत्वाच्या ३५०० कोटी पट. भार शून्यावर आणला तरी पृष्ठभागाचे द्विध्रुव (धन-ऋण भारांच्या जोड्या) उरतातच. आणि वायूचा एक रेणू आपटला तरी कण कुठल्या जागी आहे ते 'फुटतं', खेळ खलास.

अर्धापूर्णांक:
भर: २०० मायक्रॉन हे अंतर हौसेने निवडलेलं नाही. त्याहून बरंच जवळ आणलं की कॅसिमिर बल (विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या क्वांटम चढउतारांमुळे येणारं आकर्षण) वरचढ होतं. मध्ये धातूचा पडदा घातला तर कण जवळ आणता येतात, पण मग कणाचं पडद्याशीच असलेलं आकर्षण आणि पडद्याची थरथर सांभाळा.

शून्यदाब:
आणि एन्टँगलमेंट दिसलं तरी लगेच 'ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा कल्पित क्वांटम कण) सापडला' म्हणू नका. निष्कर्ष इतकाच की मध्यस्थ, म्हणजे गुरुत्व क्षेत्र, निव्वळ अभिजात (क्वांटमविरहित) नाही. तेही कण एकमेकांवर थेट नव्हे, तर मधल्या क्षेत्रामार्फत परिणाम करतात हे धरून. त्यावर वाद आहेच. त्याआधीची परीक्षा म्हणजे अंतर बदलत फेज बघणं: गुरुत्वाची फेज ढोबळमानाने १/अंतर, कॅसिमिरची सातव्या घाताने कोसळते.