वृद्धाश्रमातील काकांचा हातखर्च आणि विडी

प्रश्न : पुतण्या, सातारा

माझे थोरले काका ७८ वर्षांचे असून गेले आठ महिने एका खासगी वृद्धाश्रमात राहतात. आश्रमाचे शुल्क मी भरतो आणि काकांच्या स्वतःच्या पेन्शनमधून दरमहा १,२०० रुपये हातखर्चासाठी तेथील कार्यालयात जमा करतो. काका तरुणपणापासून विडी ओढतात. मागील महिन्यापासून व्यवस्थापकांनी विडीसाठी पैसे देणे बंद केले असून त्याऐवजी बिस्किटांचे पुडे दिले जातात. परवा भेटीला गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी न फोडलेले अकरा पुडे होते, आणि स्वयंपाकघरातील मदतनिसाकडून विडी मिळावी म्हणून ते त्याची भांडी विसळून देतात, असे शेजारच्या खाटेवरील आजोबांनी मला हळूच सांगितले. ते ऐकून मला फार वाईट वाटले. विडी वाईटच आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु काकांचे पैसे असे अडवून ठेवण्याचा अधिकार आश्रमाला आहे का?

उत्तर : निवृत्त व्यवस्थापिका

मी चौदा वर्षे वृद्धाश्रम सांभाळला आहे. चोरी होते, उसनवारीवरून भांडणे होतात, म्हणून पैसे कार्यालयात ठेवावे लागतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती ठेव आहे. मागितली की द्यावी, वहीत तारीख आणि रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्यावा, एवढेच आपले काम. विडी कोठे ओढावी हे आश्रमाने जरूर ठरवावे. पैसे कशावर खर्च करावेत हे ठरवणे आश्रमाच्या हातात नाही. आपण प्रथम ती वही पाहायला मागा आणि बिस्किटांचे पैसे काकांच्या खात्यातून वळते झाले आहेत का, तेही तपासा.

जागेच्या बाबतीत मात्र व्यवस्थापकांची बाजूही समजून घ्यावी लागेल. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणेही त्यात आणली आहेत. आमच्याकडे एका आजोबांची गोधडी रात्री जळाली होती. सुदैवाने पहारेकरी जागा होता. त्यानंतर आम्ही मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बाक टाकला, वाळूची बादली ठेवली आणि काडेपेटी कार्यालयात ठेवू लागलो. संडासात लपून ओढणे आठवडाभरात थांबले.

दुकानदाराला रोज एक-दोन सुट्या विड्या द्यायला सांगण्याचा विचार असेल, तर सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीस बंदी आहे. बंडल आणून कार्यालयात ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

उत्तर : परिचारिका, मिरज

इतक्या वर्षांची सवय एका दिवसात बंद केली, तर पहिल्या आठवड्यात चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हे सर्व होते, आणि मग ‘आजोबा हट्टी झाले’ असा शेरा बसतो. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. काकांना दम्यासाठी थिओफिलिन असलेली गोळी चालू असेल, तर धूम्रपान अचानक थांबल्यावर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. त्यामुळे हा बदल डॉक्टरांच्या कानावर घातलाच पाहिजे. काकांची स्वतःची सोडण्याची इच्छा असेल, तर निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या मिळतात. कवळी असणाऱ्यांना च्युइंगम सहसा जमत नाही. शेजारच्या खाटेवर कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर तेथे काडी ओढणे जिवावर बेतेल, एवढे मात्र काकांना नीट समजावून सांगा.

उत्तर : लेस्टरहून

मी इंग्लंडमधील एका केअर होममध्ये काम करते. येथे ज्यांचा खर्च स्थानिक परिषद उचलते, त्यांच्या उत्पन्नातून स्वतःच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवावीच लागते. २०२५-२६ साठी ती आठवड्याला ३० पौंड ६५ पेन्स आहे. परिषदेला ती शुल्कात धरता येत नाही, आणि ती कशी खर्चावी हे राहणाऱ्यानेच ठरवायचे असते. वीस सिगारेटच्या पाकिटालाच पंधरा पौंडांच्या आसपास पडतात, त्यामुळे ती पुरत नाही, हा भाग वेगळा. १ जुलै २००७ पासून बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी असली, तरी केअर होमला राहणाऱ्यांसाठी एक खोली नेमून देण्याची मुभा आहे. मात्र तिचे दार आपोआप बंद होणारे हवे आणि तेथील हवा इतर खोल्यांत जाता कामा नये. आपल्या प्रश्नात मला एक गोष्ट दिसली नाही : काकांना नेमके काय हवे आहे, हे त्यांना कोणी विचारले आहे का?

पुतण्या, सातारा

विचारले नव्हते. आज दूरध्वनी केला. सकाळच्या चहानंतर एक आणि रात्रीच्या जेवणानंतर एक, अशा दोनच विड्या त्यांना हव्या आहेत. उरलेल्या पैशांतून रोजचे वर्तमानपत्र लावायचे आहे, कारण आश्रमाचे एकुलते एक वर्तमानपत्र हाती येईपर्यंत दुपार होते. रविवारी वही पाहणार आहे आणि अंगणातल्या बाकाविषयीही बोलणार आहे.